मेंदूतील रक्तवाटा दाखविणारे मोनीझ

पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूतील अडलेला रक्तप्रवाह उपचारानंतर कितपत पूर्ववत झाला, हे आज डॉक्टर पडद्यावर पाहतात आणि त्यावरून रुग्ण किती सावरेल याचा अदमास घेतात. या दृष्टीचा पाया घातला तो पोर्तुगालचे मज्जाविकारतज्ज्ञ एगास मोनीझ यांनी.

२९ नोव्हेंबर १८७४ रोजी अवांका येथे जन्मलेले मोनीझ कोइम्ब्रा येथे वैद्यक शिकले आणि १९११ मध्ये लिस्बन येथे प्राध्यापक झाले. संसद सदस्य, स्पेनमधील राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री अशी त्यांची राजकीय कारकीर्दही मोठी होती. मात्र खरे संशोधन त्यांनी राजकारण सोडल्यावर, पन्नाशीत केले.

साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसे, मेंदू नव्हे. मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडल्यास मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळे चित्रात उमटेल, अशी मोनीझ यांची कल्पना होती. सांधेदुखीने त्यांचे हात अधू झाले होते. त्यामुळे सुई तरुण सहकारी आल्मेदा लिमा यांच्या हाती असे. आरंभीच्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. मोनीझ यांनी ते द्रव्य सोडून सोडियम आयोडाइड वापरले आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे स्पष्ट चित्र मिळाले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी मानेतील रोहिणी गुठळीने बंद झाल्यामुळे अर्धांगवायू झालेले रुग्ण याच तंत्राने दाखवून दिले.

दैवदुर्विलास असा, की १९४९ चे नोबेल त्यांना मिळाले ते मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य रुग्णांचे व्यक्तिमत्त्व हिरावले आणि ती त्याज्य ठरली. अँजिओग्राफीसाठीही त्यांचे नाव सुचविले गेले होते. तो मान मात्र लाभला नाही. १३ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

नळीद्वारे गुठळी काढण्याचा उपचार २०१५ मधील चाचण्यांनी सिद्ध केला. त्याचे यश अँजिओग्राफीतच जोखले जाते. निवडक रुग्णांना चोवीस तासांपर्यंत तो उपकारक ठरतो, हे २०१८ मधील चाचण्यांनी दाखविले. त्यांपैकी एकीत तर रक्तपुरवठ्याचे चित्रण हाच निवडीचा आधार होता. प्रवाह जितका पूर्ण, तितकी आशा अधिक. तरीही आधीच मेलेल्या पेशी रक्त पोहोचल्याने जिवंत होत नाहीत. म्हणूनच चित्र कितीही स्पष्ट असले, तरी रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचणे हेच निर्णायक ठरते.