अनुत्तरित प्रीतीचे गायक : राजकवी भा. रा. तांबे

झाशी म्हणताच मनासमोर उभा राहतो तो किल्ला आणि ती रणरागिणी. परंतु १८५४ मध्ये नेवाळकरांचे हे राज्य खालसा झाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जन्मलेल्या एका मराठी बालकाचे आरंभीचे शिक्षणही याच नगरीत झाले. राणीच्या माहेरचे आडनाव तांबे. या बालकाचेही तेच. ते बालक म्हणजे कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे.

जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, शिक्षण झाशी व देवास येथे, आणि चरितार्थ मध्य भारतातील संस्थानांच्या सेवेत. महाराष्ट्रात त्यांचे वास्तव्य असे घडलेच नाही. भोवती हिंदी-बुंदेलीचा बोल आणि अंतरात मराठी, अशी ही वाढ. हिंदुस्थानी संगीताचा संस्कार इतका सखोल, की कित्येक कवितांच्या माथ्यावर त्यांनी रागाचे नाव नोंदविले.

तांबे म्हटले की प्रथम आठवतात ती सुखी संसाराची लाजरी, प्रसन्न गीते. तथापि त्यांच्या वाणीचा खरा कस लागतो तो प्रतिसाद न लाभलेल्या आर्ततेत. ब्राउनिंगच्या धर्तीवर त्यांनी मराठीत नाट्यगीत रुजविले. म्हणून गीतातला ‘मी’ हा कवीच असेल असे नाही. एका गीतात प्रियकर मध मागतो आहे आणि घरातले घट रिते आहेत. देणाऱ्यापाशी देण्यासारखे उरले नाही. तरी तेथे कडवटपणा नाही, आहे ती केवळ विनवणी. दुसऱ्या गीतात जिवाची वेदना उचंबळून येते, पण भोवतीच्या गर्दीत ती जाणणारा एकही नाही. वसंत प्रभूंच्या चालींतून आणि लता मंगेशकरांच्या कंठातून ही दोन्ही गीते घरोघर पोहोचली.

त्यांच्या आयुष्यातही अशी एक अनुत्तरित प्रीती होती, असे म्हणावेसे वाटते. ऐन तारुण्यापासून ते मराठीची आराधना करीत होते. पण पहिला संग्रह निघाला तो १९२० साली, चाळिशी उलटल्यावर. तोवर महाराष्ट्राला त्यांची ओळख बेताचीच होती. त्यांनी रुसवा धरला नाही. लेखणीही थांबविली नाही. १९३५ मध्ये माधव जूलियनांनी त्यांची समग्र कविता संपादित केली. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवीपद दिले. त्याच ग्वाल्हेरीत, जेथे १८५८ साली झाशीची राणी धारातीर्थी पडली आणि जेथे पांथस्थाला क्षणभर थांबवून त्यांनी तिच्यासाठी अश्रू मागितले, तेथे ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

मायभूमीपासून दूर राहून मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपणां सर्वांना हे चरित्र परके वाटू नये. साद घातली की उत्तर येतेच असे नाही. परंतु साद सुरेल असेल, तर ती पिढ्या ओलांडून जाते. आणि एखाद्या परमुलखातील घरी, तिन्हीसांजेला, कोणीतरी ती आपसूक गुणगुणू लागते.