कुंडीतला वाटाणा

आमच्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे मला त्यांचे चरित्र प्रथम कर्जाच्या अर्जासारखे दिसले आणि मनातल्या मनात मी तो नामंजूर केला. गृहस्थाने छायाचित्रण केले, छपाईचा धंदा काढला, सोडला. मध्येच आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग केले. चाळिशीत हाती स्थिर मिळकत नाही!

अशातच मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेबांना सिनेमाने झपाटले. मेणबत्ती नि भिंग घेऊन ते घरच्या भिंतीवर फिल्मच्या तुकड्यांतली चित्रे पाडू लागले. शेजाऱ्यांना हा पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विद्या शिकून कॅमेरा घेऊन परतले.

आता चित्रपटाला भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडीथोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते बी घटकाभरात फुटून वेल झाले. हा खेळ दाखवूनच त्यांनी भांडवल मिळवले. तरीही पैसा पुरला नाही, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. शिवाय त्या माऊलीने सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री जागून फिल्मला भोके पाडली. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

पुढे बिऱ्हाड नाशिकला आले. इथे त्यांनी आगकाड्यांना पडद्यावर नाचवले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये छोट्या मंदाकिनीला कृष्ण केले. मात्र भागीदारांच्या कंपनीत खटके उडाले आणि ते काशीला निघून गेले. परत आले, पण बोलपटांच्या काळात मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच, विपन्नावस्थेत, त्यांनी डोळे मिटले.

खेळकर माणसाच्या घरी हिशेब कुणाला तरी सोसावा लागतो, हे सरस्वतीबाईंकडे पाहून कळते. पण तो वाटाणा पाहिल्यावर मीही कर्ज मंजूर केले असते का? खरे सांगायचे तर मी तारण काय, एवढेच विचारले असते. नातवंडे घरात पसारा मांडतात, तेव्हा हल्ली मी लगेच रागावत नाही.