ॲलन ट्यूरिंग

नागपूरजवळच्या कन्हान परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा वाहणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी एका टोकाला बंद असलेल्या रुळावर लावून ठेवल्या, तर सर्वांत शेवटी आत गेलेली वाघीणच प्रथम बाहेर काढावी लागते. याच साध्या नियमाने गणकयंत्राला परतीची वाट दाखविण्याची युक्ती इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग याने सुचविली.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी असल्याने त्याचे बालपण बहुतेक परक्या घरी गेले. १९२६ साली त्याची नवी शाळा सुरू होण्याच्या वेळी संपामुळे आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा तेरा वर्षांचा ॲलन सुमारे शंभर किलोमीटर सायकल चालवून, वाटेत एक रात्र मुक्काम करून, शाळेत हजर झाला.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामी त्याने मोठा वाटा उचलला. पुढे १९४५ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तो नव्या गणकयंत्राचा आराखडा तयार करू लागला.

कंसांचे उदाहरण सोडविताना बाहेरचे गणित अर्धवट ठेवून आधी आतला कंस सोडवावा लागतो. त्याच्याही आत दुसरा कंस असू शकतो. यंत्रालाही असेच एका कामातून दुसऱ्यात शिरावे लागते. मग परत कोठे यावयाचे, हे त्याला कसे कळावे? ट्यूरिंगने ठरविले, की नव्या कामाला निघताना यंत्राने परतीचे ठिकाण स्मृतीत पुरावे व काम संपताच ते उकरून काढावे. शेवटी पुरलेले ठिकाण सर्वांत वर असते, म्हणून तेच प्रथम हाती येते. अशा रीतीने यंत्र एकेक पायरी मागे येत मूळ कामावर पोहोचते. या दोन क्रियांना त्याने पुरणे व उकरणे याच अर्थाची नावे दिली.

यंत्राचे काम रेंगाळले. १९४८ साली ट्यूरिंगने प्रयोगशाळा सोडली. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम त्या काळी इंग्लंडमध्ये गुन्हा मानले जाई. त्यावरून १९५२ साली त्याला शिक्षा झाली. ७ जून १९५४ रोजी, अवघ्या ४१व्या वर्षी, त्याचा अंत झाला. या अन्यायाबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ साली जाहीर क्षमा मागितली.

१९५७ साली बाउअर व सामेलझोन या जर्मन विद्वानांनी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून तिचे पेटंट मागितले. आज तिला स्टॅक, म्हणजे चवड, म्हणतात. कन्हानच्या शाळेतला संगणक असो की एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतला, अर्धवट ठेवलेल्या कामाकडे तो याच चवडीच्या आधाराने परततो.