आल्फ्रेड स्कॉट आणि माझा शॉकअप

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट सांगायलाच हवी.

मागच्या सेमिस्टरला मी माझ्या जुन्या बाईकच्या पुढच्या शॉकअपमध्ये कडक स्प्रिंगा टाकल्या. पैसे वाचवायला तेल मात्र जुनंच ठेवलं. होस्टेलच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर पुढचं चाक असं उसळलं की हँडल हातातून सुटलं. मागे बसलेल्या माझ्या रूम-पार्टनरचा हात मोडला, तोही ऐन सबमिशनमध्ये! त्याची जर्नल्स लिहिता लिहिता मी शॉकअपबद्दल वाचू लागलो आणि मला आल्फ्रेड अँगस स्कॉट भेटले.

स्कॉटसाहेबांचा जन्म 1875 चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. त्या काळी बऱ्याच मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच. चालू करायला ढकलत पळायचं आणि उडी मारून बसायचं! स्कॉट यांना हे पटेना. 1908 साली त्यांनी बाजारात आणलेल्या गाडीला दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन गिअर आणि चक्क किक होती. आणि पुढे होता नळीत नळी सरकणारा टेलिस्कोपिक फोर्क. म्हणजे आज आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक बाईकना दिसतो त्याचा पणजोबाच!

शर्यतींत ही गाडी इतकी भारी पडू लागली की काही काळ तिची सीसी 1.32 ने गुणून धरत. तरीही 1912 आणि 1913 साली आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी स्कॉट गाडीनेच जिंकली.

पहिल्या महायुद्धानंतर साहेब स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. मग त्यांनी 'सोशिएबल' नावाची तीनचाकी काढली, पण ती काही चालली नाही. त्यांना गुहांमध्ये उतरायचाही नाद होता. 1923 साली असेच ओल्या कपड्यांनी घरी आले, न्यूमोनिया झाला आणि गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

त्यांच्या फोर्कमध्ये एक गोष्ट राहिली होती, तेलाचं डँपिंग. स्प्रिंग धक्का नुसता साठवते आणि परत फेकते. बारीक भोकांतून तेल ढकललं गेलं की त्या धक्क्याची उष्णता होते आणि तो जिरतो. 1935 साली बीएमडब्ल्यूने आर 12 ला तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क दिला. तो बघायला स्कॉट नव्हते.

जे त्यांच्या काळात व्हायचं होतं, ते मला आयतं मिळालं होतं. तरी मी फक्त स्प्रिंग बदलली! शंभर वर्षं मागे गेलो म्हणा ना.

आता नवीन ऑइल सील, योग्य ग्रेडचं तेल, दोन्ही पायांत सारखं मोजून. गाडी खड्ड्यातही शांत जाते. पार्टनरचं प्लास्टर निघालं, तो परत मागे बसतो. पण स्पीडब्रेकर आला की माझा खांदा घट्ट धरतो. त्याच्यासाठी अजून कुठलं तेल मिळालेलं नाही.