ज्ञानदानाची पतपेढी : कर्मवीर भाऊराव पाटील

आहारदान, औषधदान, अभयदान आणि ज्ञानदान अशी चार दाने जैन परंपरेने श्रावकाला सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाला आयुष्य वाहून घेणाऱ्या ज्या थोर पुरुषाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शाळा पोहोचवली, तो पुरुष आपल्याच समाजात जन्मला, याचा आपणा सर्वांना रास्त अभिमान आहे. कर्मवीरांच्या शाळा आणि वसतिगृहे सर्वांना ठाऊक आहेत. मात्र शिक्षणाला त्यांनी सहकारी पतपेढीची जोड दिली, हा त्यांच्या कार्याचा पैलू तितकासा सांगितला जात नाही.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात कारकून होते. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर विटाळ फेडण्यासाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे होते. पुढे डांबर प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी कैद आणि छळ सोसला, पण खोटे बोलले नाहीत. व्यवहारात ज्याला पत म्हणतात ती पैशाआधी शब्दाने मिळते. भाऊरावांनी ती अशी मिळवली.

ओगले यांचा काचकारखाना आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या कामानिमित्त त्यांनी गावोगाव प्रवास केला. शेतकऱ्याच्या घरात हुशार मूल असते, परंतु तालुक्याला ठेवून त्याला शिकवण्याची ऐपत बापाजवळ नसते, हे त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या संसाराचा भार सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी उचलला. कोठीतले धान्य संपले की त्यांचा एकेक दागिना मोडला जाई. अखेर मंगळसूत्रही मुलांच्या भाकरीसाठी गेले. १९३० साली ही माउली निवर्तली. जन्माने जैन असलेल्या या गृहिणीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले, हे स्मरण आजही मन हेलावून टाकते.

परंतु दागिना एकदाच मोडता येतो. शाळांची संख्या वाढत होती आणि गरजू विद्यार्थी त्याहून वेगाने वाढत होते. देणगी मागताना विद्यार्थ्याला मिंधेपण येते, तर सावकाराकडे गेले की बापाची जमीन गहाण पडते. या दोन्हींतून वाट काढण्यासाठी १९४० च्या दशकात लक्ष्मीबाईंच्याच नावाने शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी उभी राहिली. उच्च शिक्षणासाठी विद्यार्थ्याने कर्ज घ्यावे, कमावता झाल्यावर ते फेडावे आणि फेडलेल्या रकमेतून पुढच्या विद्यार्थ्याने शिकावे, अशी ही साधी योजना होती. संस्थेच्या सेवकांचीही सहकारी बँक स्थापन झाली. ती आज रयत सेवक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने ओळखली जाते.

कमवा आणि शिका या त्यांच्या योजनेमागेही हेच तत्त्व होते. विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, म्हणजे विद्या मिळते आणि मानही राहतो. गांधीहत्येनंतरच्या काळात सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हा जनतेच्या पाठबळावर संस्था टिकून राहिली. १९४७ साली साताऱ्यात व १९५४ साली कराडला महाविद्यालय निघाले. १९५९ साली पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. पदवी त्यांना लाभली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात कर्मवीरांची प्राणज्योत मालवली.

कर्मवीरांची कर्मभूमी कृष्णाकाठची, आपले महागाव कापसाच्या मुलखातले. तरीही प्रश्न तोच आहे. दहावी-बारावीनंतर मुलाला पुसद, यवतमाळ किंवा नागपूरला ठेवायचे, तर प्रवेशाची तारीख जून-जुलैत येते आणि कापूस घरी यायला दिवाळी उजाडते. मधल्या चार महिन्यांत कितीतरी बुद्धिमान मुलांचे, विशेषतः मुलींचे शिक्षण थांबण्याची भीती असते. गावची शाळा, गावची पतसंस्था आणि समाजातील दानशूर मंडळी एकत्र आली, तर ही दरी ओलांडता येईल. विद्यार्थ्याची गुणवत्ता व गरज शिक्षकांनी सांगावी, पैसा पतसंस्थेने द्यावा आणि व्याजाचा भार समाजाने उचलावा. पेढी आणि व्यापार यांचा वारसा आपल्या समाजाला लाभलेला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी त्या वारशाचा थोडा अंश ज्ञानदानाकडे वळला, तर ती कर्मवीरांना आणि लक्ष्मीबाईंना खरी आदरांजली ठरेल.

या थोर दांपत्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.