पु. ल. देशपांडे : हात आणि कंपवात

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. लेखक, नट, संगीतकार, वक्ता अशी त्यांची अनेक रूपे मराठी समाजाला परिचित आहेत. या सर्व रूपांत त्यांच्या हाताचा वाटा किती मोठा होता, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

पेटीवर त्यांचा हात लहानपणीच बसला. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगांत त्यांनी हातवारे, मुद्रा आणि आवाज एवढ्याच सामग्रीवर रंगभूमीवर अवघी चाळ उभी केली. ‘व्यक्ति आणि वल्ली’ या पुस्तकास १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पन्नाशी गाठल्यावर ते बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात राहिले. ‘वंगचित्रे’ हे त्याचे फळ होय.

अशा या कलावंतास उत्तरायुष्यात कंपवाताने गाठले. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले. मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, हे तिचे मूळ आहे. स्वस्थ ठेवलेला हात आपोआप थरथरू लागतो. तो हेतुपुरस्सर हलविला की कंप काहीसा ओसरतो. परंतु हेतुपुरस्सर हालचालच मंद होत जाते. अक्षर बारीक होते, चेहऱ्यावरील भाव मावळतात, आवाज क्षीण होतो. लेखणी, पेटी आणि रंगमंच यांवर ज्याचे आयुष्य उभे होते, त्याच्या साऱ्या साधनांवरच हा आघात होता.

१९९६ साली त्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. त्या समारंभात त्यांचे भाषण पत्नी सुनीताबाईंनी वाचून दाखविले. तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या वृत्तीविषयीची नापसंती त्यात निःसंदिग्धपणे व्यक्त झाली होती, आणि त्यावरून वादही उद्भवला. शरीर परावलंबी झाले असतानाही विचारांची स्वायत्तता त्यांनी सोडली नाही.

१२ जून २००० रोजी, विवाहाच्या ५४ व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणगीच्या आधाराने १९८६ साली सुरू झालेले ‘मुक्तांगण’ हे पुण्यातील व्यसनमुक्ती केंद्र त्यांच्या पश्चातही कार्यरत राहिले. त्या हाताच्या कर्तृत्वात त्याच्या दातृत्वाचीही गणना करावी लागते.