ब्रह्मगिरीची वाट आणि श्रीनिवृत्तिनाथ

पौष वद्य एकादशीची त्र्यंबकेश्वरची यात्रा जवळ आली, की आपल्या करवीर भागातल्या वारकरी मंडळींत तयारीची बोलणी सुरू होतात. घोंगडी किती, फराळाचे काय, मृदंग कोणाकडे, आणि समाधीचे दर्शन झाल्यावर ब्रह्मगिरी चढायचा की नाही. चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढणारी आपली माणसे. त्यांना डोंगराचे भय कसले? पण ब्रह्मगिरी चार हजार फुटांहून उंच आहे. आणि ज्यांच्या दर्शनाला जायचे, त्यांनी हा डोंगर प्रथम कोणत्या प्रसंगी पाहिला, हे मनात धरून निघाल्याशिवाय तयारी पुरी झाली असे मी तरी म्हणणार नाही.

निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५, म्हणजे इ. स. १२७३ चा मानतात. कोणी पाच वर्षे मागेही नेतात. वडील विठ्ठलपंत आपेगावचे कुलकर्णी. काशीस जाऊन संन्यास घेतला, आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा आळंदीस येऊन संसार मांडला. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार मुले झाली, पण गावाने घर वाळीत टाकले. थोरल्याचे मुंजीचे वय झाले. मुंज लावायला कोणी तयार होईना. त्या काळी मुंज नाही म्हणजे वेद नाही, कर्म नाही, ब्राह्मणांत उभे राहायला जागा नाही. सगळी दारे बंद झाली तेव्हा विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन त्र्यंबकास गेले. मध्यरात्री उठायचे, कुशावर्तावर स्नान करायचे आणि ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायची, असा नेम त्यांनी धरला. बरोबर कडेवरची पोरे! आपली यात्रेची तयारी याच्यापुढे काय सांगावी?

अशाच एका रात्री वाटेत वाघ आला आणि सर्वांची पांगापांग झाली. आम्ही कीर्तनकार या वाघाला मृदंगाच्या साथीने पाव तास गुरगुरायला लावतो. लोकांनाही ते आवडते. पण चरित्रात वाघाचे काम इतकेच, की निवृत्तीची वाट चुकवावी. चुकलेला तो मुलगा एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसले होते. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष यांच्यापासून आलेले धन त्यांनी या मुलाच्या हाती दिले, आणि त्याबरोबर कृष्णभक्तीचा उपदेश केला. योग्यांच्या गुहेतली विद्या विठ्ठलनामाशी जोडली गेली, ती इथे. मुंज मिळावी म्हणून बापाने डोंगर गाठला. मुंज मिळाली नाहीच. मिळाले ते असे, की त्याला मुंजीची अट नव्हती!

पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. पोरकी मुले शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली, तिथून नेवाशास आली. निवृत्तिनाथांनी गुहेतले धन स्वतःपाशी ठेवले नव्हते, ते धाकट्या भावाला दिले होते. नेवाशास त्यांच्या आज्ञेने आणि त्यांच्यासमोर शके १२१२ त ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या आधाराने सांगितलेस, आता स्वतंत्र सांग, असा आग्रहही त्यांनीच धरला, आणि अमृतानुभव झाला. थोरल्याच्या नावावर मात्र थोडे अभंग आणि हरिपाठ. भाऊ आपल्यापुढे गेला म्हणून मनाला खुपणारी माणसे घरोघर आहेत. इथे भावाला पुढे घालण्यात गुरूला सुख.

मग शके १२१८ ची कार्तिक वद्य त्रयोदशी आली. आळंदीस ज्ञानदेवांना हात धरून समाधिस्थानी निवृत्तिनाथांनीच बसवले. नामदेवरायांनी हा प्रसंग अभंगांत गाइला आहे. तो वाचताना ज्ञानी पुरुषही भाऊ असतो हे कळते. पुढल्याच मार्गशीर्षात सासवडला सोपानदेव गेले. वैशाखात तापीकाठी वादळ झाले, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. ज्यांना या माउलीने सांभाळले, ती तिन्ही भावंडे सहा-सात महिन्यांत गेली. उरला तो सर्वांत मोठा. तो आळंदीस राहिला नाही, आपेगावास गेला नाही. शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्य पक्षात त्याने देह ठेवला तो त्र्यंबकास, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. वाट चुकली होती तिथेच परत. मला यात नवल वाटत नाही. आईबाप आणि चारी भावंडे एकत्र चालली, ती वाट हीच ना!

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. डोंगराभोवतीची लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची आहे. हरिहर गड धरून मोठी घातली तर चाळिसाच्या घरात जाते. श्रावणी सोमवारी फेरीला फार गर्दी असते, तेव्हा पाऊस आणि निसरडे, पौषात थंडी. महिनाभर आधी नंदवाळपर्यंत किंवा जोतिबाला पायी जाऊन पाय बांधून घ्यावेत, आणि रोज हरिपाठ, तोही एकदा निवृत्तिनाथांचा. दशमीला मुक्काम गाठावा. एकादशीला समाधीचे दर्शन आणि रात्री जागर करावा. डोंगराची वाट द्वादशीचे पारणे सोडल्यावरच धरावी. गुडघे दुखणाऱ्यांनी गंगाद्वारापर्यंत जावे आणि तिथूनच वरच्या कड्याला हात जोडावेत. लहान मुलांचा हात मात्र कोणी सोडू नये.